देवीला काय विचारलं होतं

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हांला जागतिक साहित्याचा पेपर आहे. त्यात प्रत्येकाने एक विषय घेऊन वर्गापुढे बोलायचं असतं. सरांनी विषयांच्या चिठ्ठ्या केल्या, मोटरसायकलचं हेल्मेट उलटं धरून त्यात टाकल्या आणि म्हणाले, "उचला. ज्याच्या नशिबात जे असेल ते." माझ्या शेजारणीला समुद्रमंथन आलं. तिने मालिका पाहिलेली होती, तिचं काम झालं. माझ्या चिठ्ठीवर होतं: हिब्रू धर्मग्रंथांतील कुटुंबांची ताटातूट आणि ईश्वरी योजना.

मी पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीतून एसटीने महाडला येते. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नाही. योजना म्हटलं की आम्हांला ग्रामपंचायत आठवते. तरी मी हात वर केला आणि विचारलं, "सर, ईश्वरी योजना म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे माणसं एकमेकांपासून तुटतात, त्यांचे हाल होतात, पण शेवटी कळतं की हे सगळं देवानेच ठरवलेलं होतं. भल्यासाठी."

"कोणाच्या भल्यासाठी, सर?"

"वाच म्हणजे कळेल," म्हणून सरांनी हेल्मेट पुढच्या बाकाकडे नेलं.

मी वाचलं. ज्यू लोकांचे हे ग्रंथ फार जुने आहेत आणि त्यांत घरातली भांडणं इतकी आहेत की मला परकं असं काही वाटलंच नाही. एक आई तान्ह्या बाळाला टोपलीत घालून नदीत सोडते, कारण राजाने त्यांच्या लोकांचे मुलगे मारायचा हुकूम काढलेला असतो. टोपली बरोबर राजाच्या मुलीच्या हाती लागते. आम्ही सावित्रीच्या काठची माणसं. पुरात काय काय वाहत जातं ते आम्ही पाहिलेलं आहे. त्यातलं काही राजवाड्याला जाऊन लागल्याचं अजून ऐकलेलं नाही.

दुसऱ्या एका घरात मालकिणीला दासी आणि तिचा मुलगा डोळ्यांसमोर नको असतात. नवरा घुटमळतो, कारण तो मुलगा त्याचाच. तेव्हा देव त्याला सांगतो, बायको म्हणते तसं कर, मी बघतो पुढचं. मग तो माणूस सकाळी उठून त्या दोघांना भाकर आणि पाण्याची पखाल देऊन वाळवंटात पाठवून देतो. पाणी संपतं, आई मुलाला झुडपाखाली टाकून लांब जाऊन रडत बसते, आणि मग देव तिला विहीर दाखवतो. विहीर छान आहे. पण घरातून काढायला सांगणारा आणि विहीर दाखवणारा एकच, हे वाचून मला सारखं कोणीतरी आठवत होतं.

तिसरी एक बाई. तिला मूल होत नसतं. ती नवस करते, मुलगा होतो आणि दूध सुटल्यावर ती त्याला देवळात सोडून येते. मग दर वर्षी एक लहानसा अंगरखा शिवून त्याला नेऊन देते. मूल नजरेआड वाढत असताना माप किती वाढवायचं, हे तिला कोण सांगत होतं ते ग्रंथात लिहिलेलं नाही. माझी आई शेजारच्या मुलाला उभा करून त्याच्या पाठीला वीत लावायची आणि अंदाजाने मुंबईला गेलेल्या माझ्या भावासाठी, दादासाठी, शर्ट शिवून पाठवायची. शर्ट बहुतेक आखूड व्हायचा. आईच्या डोळ्यांसमोर तो वाढतच नव्हता ना.

पण सरांची आवडती गोष्ट होती विकलेल्या भावाची. एका म्हाताऱ्याला बारा मुलगे. त्यातल्या एकाचे बापाने फार लाड केले, त्याला भारी झगा शिवला. बाकीच्या भावांनी जळफळून त्याला कोरड्या विहिरीत ढकललं, मग वर काढून परदेशी व्यापाऱ्यांना विकला. झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला दाखवला. बाप समजायचं ते समजला आणि रडत राहिला. इकडे मुलगा गुलाम झाला, तुरुंगात गेला आणि शेवटी राजाचा कारभारी झाला. दुष्काळ पडला तेव्हा तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात आले. त्याने त्यांना ओळखलं, मोठ्याने रडला आणि म्हणाला, मला इथे तुम्ही पाठवलेलं नाही, देवाने पाठवलं, तुमचे जीव वाचवण्यासाठी.

सरांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, "केवढं मोठं मन!"

मला ते पटलं. फक्त एक गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली, ती मी तेव्हा बोलले नाही. हे वाक्य विहिरीत पडलेल्याने म्हटलेलं आहे. ढकलणाऱ्यांनी नाही. ढकलणारे तर आयुष्यभर घाबरलेले आहेत, बाप मेल्यावरसुद्धा त्यांना वाटतं की आता हा आपला सूड घेणार. त्या भावांची मला गंमत वाटली. एवढं साधं सुचू नये त्यांना? आमच्या वाडीत असते तर विहिरीच्या काठावर उभं राहूनच म्हणाले असते, "बाबा रे, आम्ही कुठं ढकलतोय? देवीचा कौल हाय."

कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या ग्रामदेवीच्या मूर्तीला गुरव पाण्याने भिजवलेल्या दोन कळ्या लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे विषय मांडतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोअर मारायची, लग्न जमवायचं, कोर्टात जायचं, सगळं तिथे ठरतं. गाभाऱ्यात घरातला कर्ता पुरुष जातो. बाकीचे सभामंडपात, बायका पायरीशी. बाहेर येतो तो फक्त निकाल.

आमच्या घरातला कर्ता पुरुष म्हणजे मोठे काका. बाबा त्यांचे धाकटे भाऊ. बाबा महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कंत्राटावर आहेत आणि देवीला बोलायचं असतं तेव्हा त्यांची नेमकी पाळी असते. दादा दहावी झाला तेव्हा असंच झालं. त्याला महाडला आयटीआय करायचं होतं. त्याच वेळी काकांच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली आणि खोलीवर भात करायला, पाणी भरायला कोणीतरी हवं झालं. काका देवळात गेले, बाहेर आले आणि आईला म्हणाले, "देवीनं पोराला मुंबई दिली." आईने पदर डोळ्यांना लावला आणि लाडू करायला बसली. आयटीआयचं नाव मग कोणी काढलं नाही. देवीपुढे आयटीआय म्हणजे काय?

दादाने चुलतभावाची भांडी घासता घासता नाइट स्कूल केलं, सोडलं, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला. आज तो एका लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर आहे, गळ्यात ओळखपत्र घालतो आणि "टेन्शन नको लेऊ" असं बोलतो. तेव्हापासून वाडीत कोणी मुलगा रडला की काका त्याला दादाचा दाखला देतात. "बघ रे, आमच्या पुतण्याला देवीनं कुठं नेलान! मी तर नुसता निमित्त." काकांइतकं निमित्तमात्र माणूस मी पाहिलेलं नाही. आमच्या शेताचा वरचा तुकडा त्यांच्याकडे गेला त्यातही ते निमित्तच होते.

यंदा शिमग्याच्या आधी चुलतभावाला मुलगी झाली. वहिनीची आई आजारी. म्हणजे खोलीवर पुन्हा माणूस हवं झालं. देवीच्या दूरदृष्टीने आमच्या घरात अजून एक मूल शिल्लक होतंच.

काका संध्याकाळी ओटीवर येऊन बसले. आईने चहा दिला. "पोरगी आता मोठी झाली," काका म्हणाले. "मुंबईत चार महिने राहील, लहान पोर सांभाळायला शिकेल. लग्नाला उपयोगी."

"भावजी, तिची परीक्षा हाय ना," आई म्हणाली.

"परीक्षा काय, पुढच्या वर्षाला पण हाय. देवळात विचारू आपण. मी माझ्या मनानं करीन का काय?"

मी दारात उभी होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. शेवटचं वर्ष, परीक्षा पुढच्या महिन्यात. एकदा गेले की माझं कॉलेज संपलं, हे काकांनाही माहीत होतं आणि मलाही. मुंबईला चार महिन्यांसाठी गेलेलं माणूस आमच्या वाडीत चार महिन्यांनी परत आलेलं कोणाला आठवत नाही.

शिमग्याला दादा आला. वीर स्टेशनवरून रिक्षाने महाड, तिथून एसटी, आणि हातात आमच्यासाठी प्लास्टिकचा मोठा डबा भरून मिठाई. मी त्याला गोठ्यामागे गाठून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो मोबाइलवर अंगठा फिरवत राहिला.

"जाऊ दे ना. सिटीत चान्स मिळतो. मला नाय मिळाला?"

"तुला जायचं होतं?"

"अगं, देवीचा कौल होता," दादा म्हणाला. विहिरीत पडलेल्यानेच हे म्हटल्यावर मी काय बोलणार? ते वाक्य बोलायचा हक्क त्याचाच होता. ग्रंथातही, आमच्याकडेही. सर असते तर त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर लिहून काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी निघायच्या आधी काकांनी कौल लावायचं ठरवलं. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. देवळात काका, गुरव, सभामंडपात दादा आणि गावकीतले दोन-तीन म्हातारे. पायरीशी आई, काकी आणि मी. ढोलवाले अजून जमायचे होते, त्यामुळे देवळात शांतता होती. एरवी बायकांपर्यंत आतलं काही पोचत नाही. त्या दिवशी पोचलं.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बारा वाड्यांच्या देवांना हाक मारली, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणाला, आणि मग विचारलं, "बोला, काय लावू?"

काका म्हणाले, "पोरीला मुंबईला न्यायची हाय. शिमगा झाल्याबरोबर नेऊ, का गुढीपाडवा करून नेऊ? शिमग्याची उजवी, पाडव्याची डावी."

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. दोन्ही कळ्या मुंबईच्याच होत्या. देवीला फक्त एसटीची वेळ विचारली जात होती.

मी पायरीवरून म्हणाले, "काका, हा प्रश्न चुकीचा आहे."

माझा आवाज इतका बारीक आला की काकीने मला विचारलं, "काय गो, चक्कर आली?"

मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. आतून गुरव बाहेर डोकावला. त्याच्या हातात भिजलेल्या कळ्या होत्या. तो सरळ माणूस, त्यात त्याला पालखीची घाई. म्हणाला, "चुकीचा कसा? तुझ्या भावाच्या वेळेला पण असाच लावला होता. सकाळची गाडी उजवी, संध्याकाळची डावी. उजवी पडली. सकाळच्या गाडीनं गेला. काय रे, गेलास ना?"

सभामंडपात दादाने मोबाइल खाली केला.

"सकाळची गाडी?" तो म्हणाला.

"हो मग! छान कौल दिला होता देवीनं. टपकन पडली."

 दादाने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा मूर्तीकडे. काका खाकरले आणि म्हणाले, "जायचं तर ठरलंच होतं. देवीला कशाला उगाच नाय ते विचारायचं? तिला त्रास."

एक म्हातारा हसला. "खरं हाय. ती पण बाईमाणूस, तिला घरातलं सगळं सांगायची काय गरज?"

गुरव कळ्या धरून ताटकळला होता. त्याने माझ्याकडेच पाहिलं. "बोल गो, तू सांग काय लावू? जाऊ का नको, असं लावू? पटकन बोल, ढोल आलं बघ."

इथे मी अडकले. हाच तर योग्य प्रश्न होता. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी काय विचारायचं ते विचारत होतं, आणि मला ते नको झालं. कारण कळी उजवी पडली असती तर? मग मीच विचारलेलं, मीच मागितलेलं. काकांना निमित्तसुद्धा व्हायला लागलं नसतं. मी देवीला मानते. लहानपणापासून तिच्या पायरीवर डोकं टेकवलंय. पण एका ओल्या कळीवर माझी परीक्षा ठेवायला माझं मन होईना.

"काही लावू नका," मी म्हणाले. "मला जायचं नाही. मला परीक्षा द्यायची आहे."

काकांचा आवाज चढला. "देवीला नाय म्हणतेस?"

"देवीला नाही. तुम्हांला."

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. आईने माझा हात घट्ट धरला, मला वाटलं मागे ओढायला. पण तिने ओढलं नाही, नुसता धरून ठेवला. काका म्हणाले, "बघा, कॉलेजात हे शिकवतात." म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. काका पुढे म्हणाले, "मग बाळंतिणीकडे कोण जाणार? ती लहान पोर काय उपाशी ठेवायची?"

तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली काकी म्हणाली, "मी जाते की."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. काकी नाकातली चमकी चाचपत म्हणाली, "नात माझी. मी आपली वाट बघतेय कोणी म्हणेल, कोणी म्हणेल."

"तू?" काका म्हणाले. "आणि मग इथं?"

"इथं काय?"

इथं काय ते देवळात सांगणं काकांना जड गेलं. चूल कोण पेटवणार, गुरं कोण सोडणार, आंघोळीचं पाणी कोण काढणार, हे देवीपुढे बोलायचे विषय नव्हते. एवढ्या वर्षांत दोनदा माणूस हवं झालं आणि चुलतभावाच्या सख्ख्या आईचं नाव कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही, ते या चुलीमुळे. गुरवाने कळ्या परत तबकात टाकल्या. "ठरवा तुमचं तुम्ही," म्हणाला, आणि पालखीला फुलं बांधायला गेला.

काकी पाडव्याच्या आधीच गेली. काका आता दुपारी आमच्याकडे जेवतात आणि भात मऊ झाला की तसं सांगतात. वाडीत कोणी विचारलं तर म्हणतात, "नातीजवळ आजीनं असावं, हे देवीच्याच मनात होतं. कौल लावायची पण वेळ नाय आली बघा." हे ते अगदी मनापासून म्हणतात. मला वाटतं देवी त्यांना कधीच सोडून जाणार नाही.

सरांपुढे मी विषय मांडला. विकलेल्या भावाची गोष्ट सांगितली आणि एवढंच म्हणाले, की देवाची योजना होती हे म्हणायचं का नाही ते ज्याची ताटातूट झाली त्याने ठरवावं, आणि त्याच्या आधी त्याला खरं काय झालं ते सांगावं. त्या मुलाला निदान ठाऊक होतं की आपल्याला विकलंय. सर म्हणाले, "दृष्टिकोन वेगळा आहे, पण भक्तिभाव कमी पडतो." मार्क बरे दिले.

दादाचं राहिलं. देवळात हे झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो निघणार होता. देवळातून आल्यापासून त्याने तो विषय काढला नव्हता. पालखी घरी आली तेव्हा नाचला, नारळ दिला, मुंबईकरांबरोबर फोटो काढले. संध्याकाळी चुलीपुढे जेवायला बसला. बाबा पाळीवरून येऊन पाट घेऊन बसले होते, मान खाली. आई भाकरी थापत होती. तिने परातीतून मान वर न करता विचारलं, "बाळा, तुला जायचं होतं का रे तेव्हा?"

बाबांचा घास हातातच राहिला. दादा आमटी ओरपत होता. त्याने वाटी खाली ठेवली.

"नव्हतं," तो म्हणाला.

आईने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मग ये परत. महाडला पण आता लिफ्टची बिल्डिंगं झाली."

दादा हसला, वाईट नाही, खरंच हसू आल्यासारखा. "आता नाय जमत गो आये. आता इथं दोन दिवसांच्या वर करमत नाय मला."

आईने तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर फुगवली आणि त्याच्या ताटात टाकली. त्याने नको म्हणून हात आडवा धरला होता. तिने त्या हातावरच ठेवली.